किल्ल्यावर आलेला फोन

अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये सायकल चालवणाऱ्या मराठी माणसांचा एक कंपू आहे आणि त्यातला सगळ्यात हळू चालवणारा मी. जुने रूळ उखडून केलेल्या सपाट वाटेवर आम्ही दर रविवारी सकाळी भेटतो, घाम गाळतो आणि गाळलेला सगळा घाम नंतर खाऊन भरून काढतो. कंपूचे म्होरके पुण्याचे. पन्नाशी उलटली तरी चढावर कोणाला पुढे जाऊ देत नाहीत आणि बोलण्यात तर मुळीच नाही. आम्ही त्यांना दादा म्हणतो. स्पेनची टूम त्यांनीच काढली. "सह्याद्रीतले गड पायी केले, आता परदेशातले किल्ले सायकलवर करायचे," असं त्यांनी जाहीर केलं आणि आम्ही चौघांनी माना डोलावल्या.

माझी मान डोलली त्याचं खरं कारण नागपूरला होतं. माझे बाबा. आयुष्यभर वीज खात्यातल्या नोकरीवर सायकलनं गेले आणि किल्ल्यांवर त्यांचं भारी प्रेम. स्पेनचं ऐकल्यावर मला गुडघ्यांना लावायच्या तेलाचा सल्ला देऊन झाला आणि मग म्हणाले, "एखादा तरी किल्ला दाखवजो न फोनवर."

स्पेनचा तो भाग म्हणजे नुसतं कापून झालेलं गव्हाचं रान. रस्ता सरळ, सावली नाही, वारा कायम तोंडावर. सायकलवाल्यांची रीत अशी, की एकानं पुढे राहून वारा खायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या पाठीशी लपून दम राखायचा. माझी पाळी आली की दादा पाठीमागून ओरडायचे, "अरे, झोपलास का?" दुपारी गावं सामसूम असायची. चर्चच्या मनोऱ्यावर करकोचे आणि उघडं दार फक्त बारचं. आणि दर दोनतीन गावांनंतर एखाद्या टेकडीवर किल्ला. तो दिसला की सगळ्यांच्या पायांत बळ यायचं, माझ्यासुद्धा.

किल्ल्यात शिरताना दादा उंबऱ्याला हात लावून नमस्कार करायचे. मग त्यांची शिकवणी सुरू. ही माची, हा बालेकिल्ला, इथं चोरदरवाजा असणारच. किल्ला स्पॅनिश राजाचा का असेना, दादांच्या हातात पडला की तासाभरात मराठी व्हायचा. मला गंमत वाटायची. पण त्यापुढे बोलणं नेहमी एकाच वळणावर जायचं, ते म्हणजे पूर्वज. दादांचे खापरपणजोबा कुठल्याशा गडावर हिशेब ठेवायचे. आमच्यातली मुंबईची मैत्रीण म्हणायची, तिच्या घराण्यात किल्लेदारी होती. मग दादा चेंडू माझ्याकडे टाकायचे.

"तुमचं काय रे? विदर्भातही गड आहेत की. कुलदैवत कोणतं तुमचं?"

माझं आडनाव गावावरून पडलेलं, कुठंही खपणारं. "आमचं काही फारसं माहीत नाही," मी म्हणायचो आणि चेनला तेल घालायला वाकायचो. त्या प्रवासात माझ्या चेनइतकं तेल कोणाच्या चेनला मिळालं नसेल.

खरं तर मला सगळं माहीत होतं. बाबांनी लहानपणापासून सांगितलेलं. आमचं मूळ गाव एका गडाच्या पायथ्याशी. रात्रीचा पहारा आमच्या लोकांचा, पण दाराच्या बाहेरून. थंडीत, पावसात, जनावरांच्या भीतीत दार राखायचं आणि दाराच्या आत पाय टाकायचा नाही. वस्ती वेशीबाहेर. बाबा हे रडत सांगायचे नाहीत, अभिमानानं सांगायचे. "ज्यांच्या भरवशावर आतले झोपत होते, ते आपण," असं त्यांचं म्हणणं. आणि हर्नडनला आल्यापासून, ऑफिसात, कंपूत, मुलीच्या शाळेतल्या मराठी आईबापांत, मी याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. कोणी मनाई केली नव्हती. मीच आपला जपून राहायचो, शहाण्यासारखा.

एका दुपारी आम्ही फार चढाचा किल्ला गाठला. शेवटच्या वळणावर मी उतरून सायकल ढकलत आणली. वर पोचलो तर बाकीचे भिंतीच्या सावलीत बसून ठेपले खात होते. मी सायकल टेकवली आणि तेवढ्यात हँडलवर अडकवलेला फोन वाजला. बाबांचा व्हिडिओ कॉल. मी उचलला आणि त्यांचा आवाज भिंतीवर आपटून सगळीकडे घुमला.

"जय भीम! जय भीम! पोचला का किल्ल्यावर?"

बाबा फोनवर नेहमी असंच सुरू करतात आणि आमच्या घरात त्याला एकच उत्तर असतं. वीज खात्यात मोठे साहेब नमस्कार म्हणायचे तेव्हाही बाबा जय भीमच म्हणायचे, तेही मोठ्यानं. त्यापायी कोणाची तोंडं वाकडी झाली, बढती कशी रखडली, हे सगळं मी पाहिलेलं आहे. माझी मुलगी इंग्लिशशिवाय तोंड उघडत नाही, पण आजोबांना तेवढं मात्र ठणठणीत म्हणते.

ठेपला खाणारे चार जण माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "हां बाबा, बोला."

बाबा थांबले. त्यांना वाटलं, ऐकू गेलं नाही. "अरे, जय भीम म्हटलं."

"हो, हो, आवाज येतोय."

तिसऱ्यांदा ते म्हणाले नाहीत. पडद्याच्या जवळ आले, चष्मा सारखा केला. माझ्या खांद्यामागे बसलेली माणसं त्यांना दिसली असणार. "बरं," ते म्हणाले. मग मी फोन फिरवून त्यांना बुरूज दाखवले, दार दाखवलं. ते मन लावून बघत होते. मला वाटलं, निभावलं. आणि त्यांनी विचारलं, "मोठा आहे रे किल्ला. अन् बाहेर राहणारे कुठं राहत होते? आपल्यासारखे?"

प्रश्न किती साधा होता! आणि किती चांगला. इतके दिवस माची नि बालेकिल्ला ऐकत होतो, हे कोणालाच सुचलं नव्हतं. खाली डाव्या हाताला पडक्या घरांच्या ओळी दिसत होत्या, मला फोन नुसता तिकडे वळवायचा होता. मी म्हणालो, "बाबा, इथं नेटवर्क नाहीये," आणि कॉल कापला. नेटवर्क उत्तम होतं. पडद्यावर बाबांचा चेहरा शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होता.

दादांनी मला ठेपला दिला, लोणचं दिलं. मी खाल्लंसुद्धा.

संध्याकाळी उतारावर मुंबईची मैत्रीण माझ्या शेजारी सायकल घेऊन आली. "एक बोलू? रागावू नकोस यार. आम्हाला माहितीये. पहिल्याच वर्षी कळलं होतं. दादांनी कोणाला तरी विचारून काढलं. उगाच टेन्शन घेतोस, आम्हाला काही इश्यू नाही."

"माहीत होतं तर मग कुलदैवत कशाला विचारत होते?"

"सवय रे त्यांची," ती म्हणाली.

मला असा संताप आला, की त्या प्रवासात पहिल्यांदाच मी सगळ्यांच्या पुढे गेलो. वारा खात, दात आवळून. म्हणे इश्यू नाही! माझी झडती घेऊन मला पासही करून टाकलं होतं. पण मुक्काम येईपर्यंत तो राग ओसरला आणि खाली जे उरलं त्याची मला लाज वाटली, अजून वाटते. दादांवर रागावणं सोपं होतं. दादांनी माझ्या बापाचा शब्द गिळला नव्हता. तो मी गिळला होता आणि तोही अशा लोकांसमोर, ज्यांच्यापासून लपवायला काही उरलंच नव्हतं.

त्या रात्री बाबांना फोन करायचा धीर झाला नाही. फोटो पाठवले. त्यांनी अंगठा पाठवला.

हर्नडनला परतल्यावरच्या रविवारी सगळे माझ्याच घरून निघणार होते. ड्राइव्हवेत सायकली उतरवणं चाललेलं. दादा माझ्या टायरची हवा बघत मला नेहमीचं लेक्चर देत होते. तेवढ्यात बाबांचा फोन आला. नेहमी मी फोन कानापासून लांब धरतो, इतका त्यांचा आवाज मोठा. या वेळी काहीच ऐकू येईना म्हणून कानाला घट्ट दाबला.

"हॅलो," ते म्हणाले. "कोणी आहे का जवळ?"

माझे बाबा हॅलो म्हणाले. भल्याभल्या साहेबांपुढे ज्यांनी आवाज खाली केला नाही, त्यांनी तो माझ्यासाठी केला होता आणि अगदी सांभाळून, मला अडचण नको म्हणून.

"आहेत बाबा. सायकलवाले आहेत. पण..."

"बरं, बरं. मंग सावकाश करतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी तिथंच परत फोन लावला. गॅरेजमध्ये गेलो नाही, पाठ फिरवली नाही. दादा पंप हातात धरून बघत होते, मैत्रीण हेल्मेटचा पट्टा लावता लावता थांबली होती. पलीकडे रिंग जात राहिली आणि बाबांनी उचलल्याबरोबर, ते काही बोलायच्या आत, मी ओरडलोच.

"जय भीम, बाबा!"

तशाच हळू आवाजात बाबांनी विचारलं, "गेले का रे ते लोक?"