मयेच्या मांडवात टांगलेला घड

कोरगावच्या गोकुळदासाला आवाजातलं काही कळत नव्हतं. हे मी त्याच्या तोंडावर बोललो आहे, तेव्हा मागे बोलायला हरकत नाही. त्याचा धंदा मात्र आवाजाचाच. गळ्यात सोन्याची साखळी, खिशाला पेन. त्या पेनाने त्याला लिहिताना कुणी पाहिलेलं नाही.

सुरुवात भोंग्यांपासून झाली. भाषेचं आंदोलन पेटलं होतं तेव्हा हा सकाळी मराठीवाल्यांच्या सभेला भोंगे बांधायचा, दुपारी तेच सोडवून कोंकणीवाल्यांच्या सभेला न्यायचा, आणि दोन्हीकडे पहिल्या रांगेत उभा राहून मान डोलवायचा. "तू नेमका कुणाचा रे?" असं विचारलं तर म्हणायचा, "मी आवाजाचा." हे उत्तर त्याला फार आवडायचं. पुढे आमचं घटकराज्य झालं तेव्हा त्याने पेडण्याच्या बाजारात नारळाच्या झाडावर चार भोंगे चढवले आणि दिवसभर स्वतःच माईकवरून "हॅलो, हॅलो" करत बसला. राज्य आपणच आणलं अशा थाटात.

पुढे भोंगे गेले, काळ्या पेट्या आल्या. लोखंडी स्टँडवर दोन बाजूंना दोन पेट्या ठेवायच्या की काम झालं. ते काम खरं म्हणजे त्याचा चुलतभाऊ शंभू करायचा. शंभूही काही संत नव्हता. तोंडाचा फटकळ, दुपारपासून काजूची हुर्राक पिणारा, दिलेली वेळ कधी न पाळणारा. पण पेटी कुठे ठेवावी, कुठे तोंड फिरवावं, एवढं त्याला जमायचं. गोकुळदास खुर्चीवर बसून यजमानांशी चहा प्यायचा.

राज्य होऊन वीसेक वर्षं लोटली आणि मोरजीच्या किनाऱ्यावर एका मोठ्या पार्टीला गोकुळदास गेला. तिथे त्याने लाईन ॲरे पाहिली. पाहिली म्हणतो, कारण ऐकली असती तर पुढचं घडलं नसतं. उंच लोखंडी खांबांवरून पेट्यांची रांग एकीखाली एक लटकलेली, खालच्या टोकाला किंचित आत वळलेली. महिन्याभरात तो तसल्या आठ पेट्या घेऊन आला. दोन्हीकडे चार-चार. गावाने बघताक्षणी नाव ठेवलं, घड. केळ्यांच्या घडासारखं दिसायचंच ते.

शंभूने पहिल्याच दिवशी सांगितलं, "दादा, ह्या उघड्या मैदानाचा सामान. मैदान लांब आसात तर ह्या आवाज शेवटपर्यंत सरळ फेकता, वर-खाली सांडना. पण त्येका उंची होयी, पेट्यो जास्त होयो. आमच्या बुटक्या मांडवात ह्या टांगलंस तर फुडच्यांच्या डोक्यावरसून जातला. थंय आपली स्टँडवरची एक पेटीच बरी, एका जाग्यावरसून चारी वाटांनी पसारता."

"तू स्टँडाच्या वर कधी बघलंच नाय," गोकुळदास म्हणाला. "लोकांक दिसाक होया."

"लोक काय डोळ्यांनी भजन आयकतत?"

झालं. शंभू आपल्या दोन जुन्या पेट्या घेऊन वेगळा झाला.

गोकुळदासाची बायको कमल. आमच्या कोरगावच्या महिला भजनी मंडळाची ती मुख्य गायिका, आणि मी त्या मंडळाचा पखवाजवाला. बाईचा आवाज फार मोठा नव्हता, पण शब्द असा लख्ख की आंधळ्यानेही वाचावा. गायला बसण्याआधी ती सगळ्याजणींकडून एकेक ओळ नुसती बोलून घ्यायची. "सूर चुकलो तर देव माफ करता," म्हणायची, "शब्द गिळलो तर त्येका कळतला कसा, तुमी काय मागतास?"

त्याच साली मये गावच्या देवळात महिलांची भजनस्पर्धा होती. गोकुळदासाने देवस्थान समितीला घडाचे फोटो दाखवले आणि समिती विरघळली. असल्या समित्यांना कानाचा उपयोग फक्त जानवं अडकवायला. सभामंडपावर पत्रे, आणि उंची एवढी की उंच माणसाने हात वर केला तर पंख्याला लागेल. तिथे त्याने पत्र्याखालच्या तुळयांना घड टांगले. माणसं आत येत, वर बघत आणि हात जोडायचे ते देवाला की घडाला हे कळत नसे.

पहिलं मंडळ गायला बसलं तेव्हा मी मांडवात फिरून पाहिलं. मागच्या भिंतीशी आवाज कान फाडत होता, पत्र्यावर आपटून दुप्पट होत होता. रस्त्यापलीकडच्या गाड्यावर भजी तळणाऱ्यालाही अभंग पाठ झाला असता. आणि अगदी पुढे, परीक्षकांच्या टेबलापाशी, नुसता घुमारा. पखवाज येत होता, हार्मोनियम येत होती, शब्द मात्र डोक्यावरून निघून जात होता. परीक्षक कानामागे हात धरून बसले होते.

मी गोकुळदासाला गाठलं. "पुढे काही ऐकायला येत नाही. खाली एक साधी पेटी ठेव."

"ती थंय बरी दिसाची नाय," तो म्हणाला आणि समितीच्या अध्यक्षाबरोबर फोटो काढून घ्यायला गेला.

कमल गायली. इतकी स्वच्छ ती क्वचित गायली असेल. मी शेजारी बसलो होतो म्हणून मला कळलं. निकाल लागला तेव्हा आमचं नाव कुठेच नव्हतं, आणि परीक्षकांनी भाषणात सांगितलं, "कोरगावच्या मंडळाने शब्दोच्चारांकडे लक्ष द्यावं."

 परतताना टेंपोत गोकुळदास पुढे बसला होता. तो मान वळवून बायकोला म्हणाला, "तोंडात सुपारी आसलली काय?"

बारा-पंधरा बायका होत्या त्या टेंपोत. कमल खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सुपारी नाय. तुमचो घड आसललो." 

पुढच्या वर्षी मयेचं आमंत्रण आलं तेव्हा तिने समितीला स्पष्ट कळवलं, घड असेल तर आम्ही नाही. आणखी दोन मंडळांनी तिच्यामागून तेच कळवलं. समितीचा नाइलाज झाला. शंभू आला, अर्थात उशिरा, तोंडाला वास मारत. त्याने आपल्या दोन पेट्या स्टँडवर चढवल्या, तोंडं जराशी आत वळवली आणि कोपऱ्यात जाऊन पेंगायला लागला. गोकुळदासही आला होता. "ह्यो काय आवाज?" असं तो भेटेल त्याला विचारत होता. पण सगळे भजन ऐकत होते.

गौळणीत कमल एका ठिकाणी चुकली. भलताच शब्द तोंडातून गेला. परीक्षकाने चटकन मान वर केली, मांडवात दोघी-चौघी हसल्या. तेवढ्या चुकीने आमचा पहिला नंबर हुकला, तिसरा आला. मी हळहळलो, तर ही बाई पदर तोंडाला लावून हसतेय. म्हणाली, "भाऊ, चुकलंय ता तरी आयकलांनी!"

गोकुळदास सुधारला असं वाटत असेल तर तुम्ही त्याला ओळखत नाही. निवडणुका आल्या. पेडण्याला मोठ्या मैदानावर एका पक्षाची सभा होती, आणि घड तिथे लागले, आणखी पेट्या भाड्याने जोडून, उंच खांबांवर, म्हापशाहून आणलेल्या माणसाच्या हातून. मी मुद्दाम मैदानाच्या शेवटच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, आवाज उत्तम होता. उमेदवाराची प्रत्येक थाप जशीच्या तशी माझ्यापर्यंत पोचत होती. सामान आपल्या जागी आलं होतं.

गोकुळदासही आला होता. तो व्यासपीठावर दुसऱ्या रांगेत, हार घालून बसला होता. उमेदवाराने त्याचं नाव घेतलं तसा तो उठला आणि हात जोडून चारी दिशांना वळला. सभा सुटल्यावर बसस्टँडवर भेटला तेव्हा म्हणाला, "बघलंस? मी सांगी नव्हतंय? मयेचो मांडवच वायट."

 कोरगावची बस लागली होती, मी ती पकडली.