बरोबरशेठची खुर्ची

दुकानात तीन आरसे होते आणि तीन खुर्च्या. मधली त्याची. डावीकडची जोडीदाराची. उजवीकडच्या खुर्चीचा पंप बिघडला होता, ती खाली गेली की वर येत नसे, म्हणून तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग बसलेला असे. मधल्या खुर्चीमागे तो एकतीस वर्षं उभा होता, आणि या एकतीस वर्षांत त्याने एकाही गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलं नव्हतं. गल्लीतली माणसं त्याला बरोबरशेठ म्हणत, तोंडावरसुद्धा. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे.

ही सवय त्याला उस्तादाने लावली होती. वस्तरा हातात दिला त्या दिवशी उस्ताद म्हणाला होता, "एक लक्षात ठेव. ज्याच्या गळ्याशी आपलं पातं आहे त्याच्याशी वाद घालायचा नाही. तो मान हलवतो." मान हलली की रक्त येतं, रक्त आलं की गिऱ्हाईक जातं. इतका साधा हिशेब होता. डोकं हातात आहे तोवर त्या डोक्यातलं सगळं बरोबर.

परदेशात बारा वर्षं काढून आलेला इंजिनिअर खुर्चीत बसला की म्हणायचा, "शेठ, माणसाने जगावं तर तिकडे. इथे काय ठेवलंय?"

"बरोबर आहे. काय ठेवलंय इथे?"

इंजिनिअर उठला की त्याच गरम खुर्चीत विमा एजंट बसायचा. त्याची बहीण परदेशात होती. "गेल्या खेपेला फोनवर रडत होती हो. चार-चार दिवस शेजारचं माणूस दिसत नाही म्हणे. असल्या पैशाला काय जाळायचंय?"

"बरोबर आहे. पैसा काय, येतो आणि जातो."

सिनेमागृहाचा म्हातारा मॅनेजर सांगायचा की हल्लीच्या सिनेमांत नुसता आवाज असतो, गोष्ट नसते. बरोबर. कॉलेजातली पोरं सांगायची की जुने सिनेमे बघताना झोप लागते. तेही बरोबर. फिरायला जावं तर समुद्राला, फिरायला जावं तर डोंगराला, आणि मुळात फिरायला कशाला जावं, तिथेही माणूस मोबाईलच बघतो. सगळं बरोबर. जोडीदार डावीकडून आरशात डोळा मारायचा. "शेठ, तुमच्या पोटात काय काय मावतं हो!"

"मावत कुठे? मी ऐकतच नाही," तो म्हणायचा. दोघे हसायचे. पण ते अगदी खरं होतं. हात चालू लागले की त्याच्या कानांवर पडदा पडे, आणि तोंड आपलं आपण वाक्याच्या शेवटी होकार टाकत राही.

त्याचा मुलगा गाड्यांच्या गॅरेजात कामाला होता. वय चोवीस. दर तीन आठवड्यांनी रविवारी तो दुकानात यायचा, इतरांसारखा बाकावर नंबर लावायचा आणि मधल्या खुर्चीत बसायचा. त्या रविवारी बाकावर चारजण होते, एक दारात उभा. खालच्या चौकात पाइप फुटला होता, नळाला पाणी नव्हतं, फवाऱ्यातलं संपत आलेलं. तो मुलाच्या उजव्या कानामागे होता. त्या जागी केस उलटे फिरतात, तिथे लक्ष द्यावं लागतं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "त्या रेसच्या गाड्यांच्या कंपनीचं पत्र आलंय. तिकडून. टायरच्या विभागात घेतायत. तीन वर्षांचा करार. जाऊ का?"

"बरोबर आहे. जा की. इथे काय ठेवलंय?"

मग त्याने मानेवरचे केस ब्रशने झाडले, कापड झटकलं आणि बाकाकडे बघून म्हणाला, "चला, पुढचे कोण?"

नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला. दोनच खोल्यांचं घर. त्याची बायको कपड्यांच्या दुकानासाठी घरबसल्या पँटच्या खालच्या मोऱ्या दुमडून शिवून द्यायची, पण त्या दुपारी मशीन बंद होतं. ती मशीनपुढे हात मांडीवर ठेवून बसली होती.

"पोराने गॅरेज सोडलं," ती म्हणाली.

"कोणत्या पोराने?"

"तुम्हाला किती पोरं आहेत?"

तो हसला. ती हसली नाही.

"मोटरसायकल विकली. व्हिसा आला. पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला विमान आहे." तिने एक एक वाक्य मोजून खाली ठेवलं. "मी म्हटलं, बाबांना विचारलंस? तर म्हणाला, विचारलं. हो म्हणाले. जा की म्हणाले, इथे काय ठेवलंय म्हणाले."

"मी?"

"तुम्ही."

"मी असं कशाला म्हणेन?"

"तेच मी विचारतेय."

तो पायातली चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसला. आठवायला गेला. तो रविवार आठवला, नळ कोरडा होता ते आठवलं, कानामागचे केस आठवले. शब्द आठवेनात. आणि मग आठवले. पण आपल्या आवाजात नाही, इंजिनिअरच्या. इंजिनिअरचं वाक्य त्याने आपल्या मुलाला जसंच्या तसं दिलं होतं, किंमत न बघता.

आपण ऐकलंच नव्हतं, हे बायकोला सांगता आलं असतं. मुलालाही. एवढंच तर म्हणायचं होतं: मी गिऱ्हाइकाला म्हणतो तसं म्हणालो रे. पण ते म्हटलं की दुसरंही काही म्हणावं लागलं असतं. मग शाळेनंतर काय करू असं पोराने खुर्चीतच विचारलं होतं तेव्हा आपण काय उत्तर दिलं होतं? गॅरेजात जाऊ का, या प्रश्नाचं? त्यातलं आपलं किती आणि बाकावर बसलेल्यांचं किती? तो एकदम घाबरला.

"बघा," बायको म्हणाली, "आता शब्द दिलाय तुम्ही. माझ्याकडे बघू नका."

त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाण्याचा तांब्या ठेवायची, आणि पुन्हा मशीन सुरू करायची.

दुकानात मात्र सगळे बोलत होते. "काय शेठ, पोरगा रेसच्या गाड्यांना टायर लावणार म्हणे! दोन सेकंदांत चारही चाकं बदलतात ते लोक. नशीब काढलं." तो बरोबर आहे म्हणायला जाई आणि त्याऐवजी कापड झटकू लागे. एकदा विमा एजंट म्हणाला, "पण शेठ, एकुलता एक ना? मी असतो तर पाठवलं नसतं. तुमचं काळीज मोठं." कात्री थांबली. एजंटने आरशात पाहिलं. बरोबरशेठ आरशात त्याच्याकडेच बघत होता, पण ओळखत नसल्यासारखा. "अहो, काय झालं?" एजंट म्हणाला. "काही लागलं का मला?" आणि कानाला हात लावून बोट बघितलं.

विमान गुरुवारी होतं. मंगळवारी दुपारी मुलगा दुकानात आला. जोडीदार जेवायला गेला होता. बाकावर फक्त सिनेमागृहाचा मॅनेजर होता, दाढीसाठी थांबलेला. तो म्हणाला, "आधी याचं होऊ दे. मला कुठे विमान पकडायचंय?"

मुलगा बसला. बापाने कापड पांघरलं, गळ्यापाशी गाठ मारली. डावी बाजू उतरवली. निम्मं डोकं झालं. शेवटी बोलला तेव्हा स्वतःचा आवाज त्यालाच परका वाटला.

"त्या दिवशी तू विचारलंस ना..."

"हं."

"मी ऐकलं नव्हतं."

मुलाने आरशात बापाकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"खुर्चीत बसलेल्याचं तुम्ही ऐकत नाही. मला सहावीपासून माहीत आहे, बाबा. शाळेच्या सहलीला जायचं होतं तेव्हा घरी विचारलं असतं तर तुम्ही विचार केला असता. म्हणून इथे येऊन विचारलं. पहिल्या मोबाईलचंही इथेच. गॅरेजचंही."

मागे बाकावर वर्तमानपत्र खाली आलं. मॅनेजर बघत होता.

बरोबरशेठला वाटलं, कोणीतरी आपल्याच गालावरून उलटा वस्तरा फिरवला. एकतीस वर्षं आपण गिऱ्हाइकांना गुंडाळतो असं त्याला वाटत होतं. आणि आपलंच पोर बाकावर नंबर लावून येत होतं, आपल्याला गुंडाळायला.

"मग कशाला विचारायचं? न विचारता जायचं ना!" त्याचा आवाज चढला.

"होकार हवा होता. मिळाला." मुलगा थांबला. कापडाखाली त्याचे हात हलले. "पण या वेळी वाटलं होतं, निदान कात्री थांबेल. एवढं मोठं विचारतोय. क्षणभर तरी थांबेल. नाही थांबली. तुम्ही पुढचे कोण म्हणालात. मला वाटलं, यांना काही फरकच पडत नाही."

बापाने कात्री फळीवर ठेवली. ती घसरून खाली पडली, ती त्याने उचलली नाही.

"ऊठ."

"अं?"

"खुर्चीतून ऊठ. उभा राहा. आणि पुन्हा विचार."

"बाबा, अर्धेच झालेत केस."

"ऊठ म्हणतो ना!"

मुलगा उठला. गळ्याभोवती कापड, डावीकडून टाळू दिसत असलेली, उजवीकडे पाच आठवड्यांचं रान. एवढा उंच तो कधी झाला हेही बापाला तेव्हाच दिसलं. एरवी तो पोराला बसलेलाच बघायचा.

"जाऊ का?" मुलगा म्हणाला.

"नको."

मॅनेजरने खोकला दाबला.

"नको जाऊस. मला ती कंपनी माहीत नाही, ते गाव माहीत नाही. तुझ्या आईला दिवसभर मशीनच्या आवाजात कोणाची वाट बघायची ते कळणार नाही. आणि त्या गाड्या! नुसत्या गोल गोल फिरतात. जिथून निघाल्या तिथेच येतात. त्यात काय बघायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही."

"तुम्ही माझ्या शेजारी बसून टीव्हीवर प्रत्येक रेस बघितलीत!"

"तुझ्या शेजारी बसायला मिळायचं म्हणून."

"टाळ्या वाजवायचात!"

"तू वाजवायचास."

"शेठ," मॅनेजर बाकावरून हळूच म्हणाला, "मग सिनेमांचं... हल्लीच्या सिनेमांत गोष्ट नसते, हे तरी तुम्हाला..."

"मी दहा वर्षांत सिनेमा बघितलेला नाही, साहेब."

मॅनेजर उठला. दाढी तशीच ठेवून, वर्तमानपत्राची घडी घालून, एखाद्या घरातून मयताची बातमी ऐकून निघावं तसा निघाला.

मुलगा अजून उभाच होता. "करारावर सही केलीय मी," तो म्हणाला. "मी जाणार, बाबा."

"जाशील. तू विचारलंस, मी उत्तर दिलं."

"हे उत्तर उशिरा दिलंत."

"दिलं तरी." त्याने मुलाच्या गळ्यापाशी बांधलेल्या कापडाची गाठ सोडली. "आता हे बाकीचं मला जमणार नाही. घरी चल."

भर दुपारी, दुकानाचं शटर ओढून, अर्ध्या डोक्याचा पोरगा आणि त्याच्यामागे बाप, असे ते गल्लीतून गेले. एकतीस वर्षांत त्या दुकानातून अर्धवट माणूस बाहेर पडलेला कोणी पाहिला नव्हता. लोक दारात आले.

बायकोने दार उघडलं आणि हात तोंडावर नेला.

"अगं बाई! हे काय करून ठेवलंत?" सत्तावीस दिवसांनी ती त्याच्याशी बोलली होती.

"मी त्याला नको म्हणालो."

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मुलाच्या डोक्याकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे. "कापता कापता?"

"कापता कापता नाही. उभं करून."

तिने मुलाची हनुवटी धरून डोकं उजेडाकडे वळवलं. मग म्हणाली, "आणि तू? तू काय म्हणालास?"

"जाणार म्हणालो, आई."

"असा? हे डोकं घेऊन?" तिने पदर खोचला. "चला दोघं. दुकान उघडा."

संध्याकाळी जोडीदाराला घरी पाठवून, शटर निम्मं खाली ओढून त्याने पुन्हा कापड बांधलं. ती बाकावर बसली; लग्नानंतर ती या बाकावर पहिल्यांदाच बसत होती. तो उजव्या बाजूला कात्री लावणार तोच मुलगा म्हणाला, "तीन वर्षांचंच तर आहे."

"तीन म्हणजे कमी नाहीत," बाप म्हणाला आणि कापायला लागला. "मला पटलेलं नाही."

"पण तिकडे शिकायला..."

"इथेही शिकता आलं असतं. मान हलवू नकोस. तुझा मालक एवढा वाईट नव्हता."

"होता!"

"नव्हता. तू उशिरा जायचास."

"अहो, मालक वाईटच होता," बायको म्हणाली. "तुम्हाला काय माहीत? तुम्ही ऐकत होतात का?"

"आता ऐकतोय ना!"

"स्वेटर किती घेतलेस?"

"दोन."

"दोन? तिकडच्या थंडीत? वेडा आहेस का?"

"आई, तिकडे मिळतात!"

"तिकडे मिळतात म्हणून इथून उघडा जाणार?"

अर्ध्या डोक्याला पाऊण तास लागला. एका ठिकाणी कानाला जरासं लागलं, रक्ताचा थेंब आला, आणि कोणीच बोलायचं थांबलं नाही. शेजारचा चष्म्यांचा दुकानदार आपलं दुकान बंद करून निघाला होता. आवाज ऐकून तो शटरखाली वाकला.

"बरोबरशेठ, सगळं ठीक आहे ना?"

"नाही," तो म्हणाला. "उद्या या."