अक्काची विहीर

भडगावकडच्या आमच्या मळ्याला लागून अक्काचं शेत आहे. अक्का माझी चुलत काकू. मी पोहायला शिकलो तो तिच्याच विहिरीत. ऐन चैत्रातही तिथं मनसोक्त डुंबता यायचं.

पुढे मी केळी लावली आणि माझं डोकं फिरलं. पहिला बोअर कोरडा गेला, दुसरा दोन वर्षांत आटला. शहाण्या माणसानं केळी कमी केली असती. मी अक्काच्या बांधाला खेटून तिसरा घेतला, पार सहाशे फूट. पाणी असं उसळलं की मी गावभर पेढे वाटले, अक्कालाही दिले. त्याच हिवाळ्यात तिच्या विहिरीनं तळ गाठला. ती काही बोलली नाही. मीही शहाणपणानं विषय काढला नाही.

गेल्या माघात तिची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. आमच्याकडे सव्वा महिन्यानं बाळंतीण विहीर पूजते आणि तिच्या पाण्याचा घडा भरून घरी नेते. पूजेच्या आदल्या दिवशी अक्का बांधावर आली.

"भो, तुन्हा बोरनं पानी इहीरमा सोडशी का? पोरनी कोरडी इहीर कशी पूजानी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "सोडतो ना," एवढंच म्हणालो.

सकाळी तीन तास मी विहिरीत पाइप सोडून ठेवला. पूजेचं ताट घेऊन बाया आल्या, तेव्हा खाली नुसता चिखल होता. पाणी मुरत मुरत माझ्याच बोअरकडे परतलं असणार. मला कुणाकडे बघवेना.

अक्कानं क्षणभर आत वाकून पाहिलं. मग मुलीचा हात धरून ती तिला माझ्या बोअरपाशी घेऊन आली. विहिरीचं पाणी ओढून घेणाऱ्या त्या लोखंडी पाइपाला पोरीनं हळदकुंकू वाहिलं, दिवा ओवाळला, बाळाचं डोकं टेकवलं. मी मोटार चालू केली.

"आते बंद कर, भो," अक्का म्हणाली. "घडा भरना. एकच पाहिजे व्हता."

मी बंद केली. त्या दिसेनाशा होईपर्यंत थांबलो आणि पुन्हा बटण दाबलं. केळीला पाणी द्यायचं राहिलं होतं.