काकीचं नाव लाल झालं

लोकांच्या हाती माहिती दिली की लोक जाब विचारतात, असं मला वाटायचं. विचारतात. फक्त कोणाला विचारतात, ते मला ठाऊक नव्हतं.

वाशिंदला राहून मी कंपन्यांच्या वेबसाइट बनवते. तेवढंच करत बसले असते तर बरं झालं असतं. पण मला गाव सुधारायची हौस. धसईच्या पुढे आमची वाडी आहे. तिथल्या ग्रामपंचायतीची कामं, घरकुलांच्या याद्या, सगळं सरकारने उघड ठेवलेलं आहे, पण इंग्रजीत आणि कोणाला सापडणार नाही अशा बेताने. मी ते उतरवून घेतलं, मराठीत मांडलं. आमचा ओढ्याकडचा रस्ता कागदावर दोनदा झालाय, पायाखाली एकदाही नाही. निदान हे वाचून कोणी ठेकेदाराची कॉलर धरेल, म्हणून मी लिंक गावच्या ग्रुपवर टाकली.

आठवडाभर वेबसाइट धडाधड उघडली गेली आणि मी हुरळून गेले. मग लोक काय शोधतात ते पाहिलं. रस्त्याच्या पानाकडे कोणी फिरकलंच नव्हतं. शेजाऱ्याला घरकुल लागलं का, चुलतभावाचं नाव कितवं, जावेचं कसं काय आलं, एवढंच. ठेकेदार राहिला बाजूला, भावकीने भावकीचीच झडती घेतली.

त्यात माझी अक्कल वेगळीच. एका घराला घरकुल एकदाच मिळतं. म्हणून जुन्या आणि नव्या यादीतली नावं, बाई असेल तर नवऱ्याचं नाव, जुळली की ते नाव आपोआप लाल व्हावं, अशी सोय मी केली होती. पुढाऱ्यांचे सगेसोयरे त्यात सापडतील असा माझा होरा. लाल झाली ती माझी काकी.

काकी म्हणजे माझ्या वारलेल्या चुलत्याची बायको. कुडाच्या घरात एकटी राहायची. किती वर्षांनी तिचं नाव लागलं, तेव्हा त्याच जागेवर बांधायचं म्हणून तिने कूड पाडला आणि जोतं घातलं. जुन्या यादीत काकाचं नाव दिसत होतं, पण तो काका नव्हे. आमच्यात आज्याचं नाव नातवाला ठेवतात, तीच चार नावं भावकीत फिरतात, त्यामुळे नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं तेच असलेला आणखी एक माणूस वरच्या आळीत होता. घरकुल मिळालं होतं त्याला. वाडीत त्या दोघांना कोणी कधी एक समजलं नाही. काका म्हशीवाला, तो गिरणीवाला. मशीनला हे कळणार नव्हतं. मला लहानपणापासून माहीत होतं, आणि मी एकदा डोळ्यांखालून घातलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

यादीत काकीच्या खालोखाल भावकीतल्याच एकाचं नाव होतं. त्याने ते लाल पान छापून घेतलं आणि तक्रारीला जोडलं. त्याला तरी काय बोलू? त्याचंही घर पडायलाच आलेलं. रस्त्याबद्दल मी तीन अर्ज दिले होते, एकाचंही उत्तर आलं नव्हतं. या अर्जावर मात्र पंधरा दिवसांत काकीचं काम थांबलं.

चूक मी पाच मिनिटांत दुरुस्त केली. काकाचा मृत्यूचा दाखला, गिरणीवाल्याचं आधार कार्ड, सगळं घेऊन तालुक्याच्या ऑफिसात गेले.

"मॅडम, तुमच्याच वेबसाइटवर होतं ना?" तिथला माणूस म्हणाला. "आता तुम्हीच नाय म्हणता. मग आमी धरायचं काय?"

चौकशी लागली, आणि ती संपायची वाट न बघता काकीच्या वाटणीचं घर खालच्या नावाला गेलं. त्याचं बांधून झालंसुद्धा. काकी जोत्यावर चार बांबू रोवून, वर ताडपत्री टाकून राहते. वाशिंदला माझ्याकडे चल म्हटलं तर ऐकत नाही. जोतं सोडलं तर जागाही जाईल, अशी तिला भीती आहे.

मला वाटलं होतं, ती शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. तिचं म्हणणं वेगळंच आहे. दर आठ-दहा दिवसांनी शेजारणीच्या फोनवरून मला फोन करते.

"तुज्या त्या यादीतून माजं नाव गेलं, म्हनून घर गेलं ना गो? मंग तूच परत टाक ना. तुला काय अवघड हाय?"

पहिल्यांदा मी तिला समजावलं, की यादी सरकारची असते, मी फक्त दाखवते. ती म्हणाली, "काढताना तर तुजंच चाललं."

आता मी समजावत नाही. ऑफिसातला माणूस मला जे सांगतो, तेच मी तिला सांगते. "बघते हं काकी. चौकशी चालू आहे."

"बरं," ती म्हणते आणि फोन ठेवते. तिचा माझ्यावर विश्वास आहे.