फोडायचं नसलेलं लाकूड

चाकणला माझा लाकडी खोक्यांचा कारखाना आहे. आमच्या खोक्यांत बंद होऊन मोठमोठी मशिनं परदेशी जातात आणि तिथं पोचल्यावर पहिलं काम काय, तर खोकं फोडायचं. म्हणजे आम्ही जीव ओतून करतो ते सगळं फोडण्यासाठीच. त्यामुळे विमानतळाच्या इमारतीला जोडून लाकडी सांगाड्याचं नवं दालन उभारायचंय, खांब आणि तुळया तुम्ही कराल का, असं तिथल्या लोकांनी फोनवर विचारलं तेव्हा मी पुढचं काही न ऐकताच हो म्हणून बसले.

आमच्या वयस्कर मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. बातमी ऐकून ते एवढंच म्हणाले, "ताई, आपलं एक तरी काम हुभं ऱ्हायलेलं बघायचंय मला." त्या दिवसापासून माझंही दुसऱ्या कशात लक्ष लागेना.

सांगाडा आधी आमच्याच आवारात उभा करून विमानतळाच्या इंजिनिअर बाईंना दाखवायचा होता. त्यांना पसंत पडला नाही तर काम दुसरीकडे जाणार होतं. जोडणी झाली, लाकडाला तेल लावून झालं. शेजारच्या कंपन्यांतली माणसं चहाच्या सुट्टीत फाटकाशी येऊन बघायला लागली. मी तर हवेतच होते.

पाहणीच्या दिवशी सकाळी येऊन बघते तर प्रत्येक खांबावर काळ्या रंगात छाप. वर दाखवणारे बाण, छत्री, काचेचा पेला, म्हणजे उलटं ठेवू नका, भिजवू नका, आपटू नका. खोकं फाटकाबाहेर पडण्याआधी हे छाप मारायचेच, असा आमचा शिरस्ता. ते मारले होते खुद्द मामांनी.

"माल निघायचा म्हनलं की हात आपसूक चालतो, ताई," ते खाली बघत म्हणाले.

"विमानतळ कोणी उलटा ठेवणार आहे का, मामा?" मी कडाडले. मधेच हसू फुटत होतं, म्हणून आणखीच चिडले.

इंजिनिअर बाई आल्या आणि हसून हसून खाली बसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "घासून काढा. पण खांब मापापेक्षा बारीक झाला तर घेणार नाही. उद्या मोजते."

आम्ही सगळेच पॉलिश पेपर घेऊन भिडलो. मामा जेवायलाही उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाईंनी एकेक खांब मोजला आणि "पाठवा" म्हणाल्या. मी भर आवारात नाचले, मला कसली लाज.

विमानतळावर उभारणीला जायचं तर उंचीवरच्या कामाचा पास लागायचा, आणि दुखऱ्या गुडघ्यांमुळे तो मामांना मिळाला नाही. तिकडे पत्र्याच्या आडोशापलीकडे प्रवाशांच्या बॅगा खडखडत होत्या आणि अलीकडे आमची शेवटची तुळई जुन्या इमारतीला अशी बिनबोभाट जाऊन टेकली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामांना ते नुसतं फोनवर दाखवता आलं. पुढे दालन सुरू झालं, पण तिकिटाशिवाय आत सोडतात कुठं?

म्हणून मी नागपूरची दोन तिकिटं काढली. मामा धुतलेला पांढरा सदरा घालून आले. त्यांनी खांबावरून हात फिरवला, मान वर करून तुळया पाहिल्या आणि खालच्या खुर्चीवर बसले ते बसलेच. आमच्या विमानाचा शेवटचा पुकारा झाला.

"मामा, उठा. विमान जाईल."

"जाऊ द्या की, ताई. मला कुठं नागपूरला जायचंय?" त्यांची नजर वरच होती. "मी पोचलो."