रिकामी एष्टी आणि आदर्श वाडी

गुडघे धरल्यापासून धोंडी आपल्या डोंगरातल्या वाडीवर एष्टी यावी म्हणून धडपडत होती. अखेर चाचणीसाठी महिनाभर सकाळची एष्टी मिळाली. पहिल्याच दिवशी कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमी बसा, मोळी नाय." ती मोळी विकायलाच कर्जतला चालली होती, म्हणून ती उतरली. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला वाडी एकटीने डोंगर उतरू देत नाही. त्यामुळे मजुरीला निघालेल्या बाकीच्या बायकाही तिच्यामागे उतरल्या.

"बसा गं, नायतर गाडी बंद करतील!" धोंडी ओरडली.

"अन् तू पडलीस तर एष्टी उचलायला येनार हाय का?" शेजारची सुनिता म्हणाली.

रोज हेच झालं. रिकाम्या एष्टीने डिझेल जाळलं आणि महिन्याने ती बंद झाली.

पुढे कर्जतला एका संस्थेने ऊर्जाबचतीसाठी वाडीचा सत्कार केला. "घरात एकच बल्ब, आणि दारात एष्टी येऊनही ही माणसं पायी चालली!" प्रमुख पाहुण्यांनी माईकवरून सांगितलं. भाषणानंतर पाहुणे एकेका गाडीत एकेक बसून परतले. धोंडीने मिळालेली शाल गुडघ्याला आवळून बांधली आणि वाडीची वाट धरली.