शेवटच्या डब्याची फुली

नवं राज्य झालं आणि माझी बदली भोपाळहून रायपूरला झाली. इथे ओळखीचं कुणीच नव्हतं. रोज सकाळी रेल्वे फाटकाशी एक म्हातारे काका दिसायचे, हातात दुधाची किटली. सिलतऱ्याच्या कारखान्यांतलं लोखंड भरलेली मालगाडी सरकायला लागली, की आम्ही सगळे वैतागून हॉर्न वाजवायचो. काका मात्र शेवटच्या डब्यामागची फुली दिसेपर्यंत जागचे हलत नसत. ती दिसली, की गार्डाला हात करायचे.

“काका, रोज काय पाहून राहिले?” मी एकदा विचारलं.

“सिग्नलच्या केबिनमध्ये नोकरी केली ना बाई. फुली पाहिल्याबिगर गाडी पूर्ण गेली म्हणाचं नाही, इंग्रजाच्या काळचा नियम आहे. मंधात डबा सुटला, त मागं राहिलेल्याले कोण पाहीन?”

एका सकाळी फाटक उघडलं आणि माझी मोपेड सुरूच होईना. मागचे लोक चिडचिड करत बाजूने निघून गेले. घामाघूम होऊन मी ती ढकलत रूळ ओलांडले, तर पलीकडे काका उभे होते. किटली खाली ठेवलेली. मी जवळ पोचले तसा त्यांनी हात वर केला, गार्डाला करायचे तसाच, आणि मगच घरी निघाले.